नाताळचा सुंठवडा

श्रोतेहो, आज ज्या पदार्थाविषयी मला तुमच्याशी बोलायचे आहे, त्याला मराठीत धड नाव नाही. इंग्रजीत त्याला जिंजरब्रेड म्हणतात. जिंजर म्हणजे आले आणि ब्रेड म्हणजे पाव. पण हा पाव नव्हे, बरं का. सुंठ, दालचिनी, लवंग, जायफळ घालून, काकवीच्या रंगाची भाजलेली ही जाडसर बिस्किटे असतात. कुणी त्यांना माणसाचा आकार देतात, कुणी चांदणीचा, आणि कुणी हौशी माणूस त्यांचे चक्क घर बांधतो. नाताळ आला की युरोप-अमेरिकेत घरोघरी ही भाजतात. तुम्ही म्हणाल, मग लवळ्यासारख्या मुळशी तालुक्यातल्या गावी राहणाऱ्या, इतिहास शिकवणाऱ्या माणसाला याचे काय? तेच सांगायला मी आलो आहे.

लवळे माझे जन्मगाव. आज या गावाच्या टेकडीवर सिंबायोसिस विद्यापीठाच्या इमारती उभ्या आहेत. तिथे पाककला शिकवणारी शाळाही आहे, आणि देशोदेशीचे पदार्थ तिथली मुले शिकतात. माझ्या लहानपणी यातले काही नव्हते. भाताची खाचरे, गुरे, आणि पुण्याला जायचे तर एसटीची वाट पाहणे, एवढेच. त्या काळी गावात एक नर्सबाई भाड्याने खोली घेऊन राहत होत्या. त्या नगरकडच्या, ख्रिस्ती. सुईणीच्या हाताबाहेरची बाळंतपणे त्याच करीत, त्यामुळे गावात त्यांना मान होता. मान होता, पण त्यांच्या हातचे खाणे ही गोष्ट वेगळी होती. हे आज सांगायला बरे वाटत नाही, पण होते ते असे होते.

दर नाताळला नर्सबाई शेजारच्या चार घरी फराळाची ताटली पाठवीत. तिच्यात करंज्या असत, शंकरपाळ्या असत, चकल्या असत. आपल्या दिवाळीच्या ताटात आणि त्या ताटात काही म्हणजे काही फरक नसे. नगर, पुणे, मुंबईकडचे मराठी ख्रिस्ती लोक नाताळला हाच फराळ करतात. वसई-मुंबईकडे त्यात फुग्यांची भर पडते, गोव्यात नेवऱ्या, दोदोल आणि बेबिंका येतात. नेवरी म्हणजे आपली करंजीच. सणाचे नाव पोर्तुगिजांकडून आले, कारण जन्मोत्सवाला त्यांच्या भाषेत नाताल म्हणतात. पण ताट मात्र इथल्या मातीतले राहिले.

नर्सबाईंच्या ताटलीत या सगळ्यावर दोन तपकिरी बाहुल्या ठेवलेल्या असत. हात पसरलेल्या, साखरेचे डोळे लावलेल्या. माझी आजी ताटली दोन्ही हातांनी घेई, "कशाला एवढं केलंत बाई," असे म्हणे, आणि ताटली कोनाड्यात ठेवून देई. संध्याकाळी तो सगळा फराळ म्हशीच्या घमेल्यात जाई. ताटली घासून, पुसून, रिकामी परत जाई. शेजाऱ्याचे भांडे रिकामे परत करू नये, चिमूटभर साखर तरी घालावी, हा रिवाज तिनेच आम्हांला शिकवला होता. या एका ताटलीला तो लागू नव्हता.

१९८८ साली मी नऊ वर्षांचा होतो. त्या वर्षी दत्तजयंती नाताळच्या दोन-तीन दिवसच आधी आली होती. आजीने खलबत्त्यात सुंठ कुटून, खोबरे, खारीक, साखर घालून सुंठवडा केला होता आणि दत्ताच्या पाळण्याला तो वाटलाही होता. पाठोपाठ नर्सबाईंची ताटली आली. मी कोनाड्यातली एक बाहुली चोरली आणि गोठ्यामागे जाऊन तिचा पाय खाल्ला. आधी गोड लागले, मग खमंग, आणि मग घशाशी तो ओळखीचा जाळ उठला. मी पळत घरात आलो. चोरी केली आहे हे विसरून ओरडलो, "आजी, नर्सबाईंच्या बाहुलीत सुंठवडा आहे!"

आजीने मला मारले नाही. ती गप्प बसली. दुसऱ्या दिवशी ओट्यावरून जाणाऱ्या नर्सबाईंना तिने हाक मारून विचारले, "का हो बाई, तुमच्या देवाच्या जन्माला बी सुंठ लागती?"

नर्सबाई हसल्या. म्हणाल्या, "मरीया काय बाळंतीण नव्हती, आजी?"

आता या उत्तराला शास्त्राचा आधार आहे का, असे कुणी विचारले तर नाही असेच सांगावे लागेल. जिंजरब्रेडमध्ये आले का आले, याचे कारण वेगळे आहे. ते मी आता सांगतो. पण आपल्याकडे रामनवमीला, गोकुळाष्टमीला, हनुमान आणि दत्त यांच्या जयंतीला सुंठवडाच का वाटतात, हे मात्र नर्सबाईंनी अचूक सांगितले होते. देव जन्मला, म्हणजे घरात बाळंतीण आहे. आणि बाळंतिणीला सुंठ हवी. आमच्या आजीला दुसरे स्पष्टीकरण लागले नाही.

आता इतिहासाकडे वळतो. माझा तो पेशाच आहे. आल्याला संस्कृतात शृंगवेर म्हणतात, तमिळात इंजी. तेच नाव ग्रीक खलाशांच्या तोंडी झिंगिबेरी झाले आणि फिरत फिरत इंग्रजीत जिंजर झाले. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक व्यापाऱ्याने लिहिलेले पेरिप्लस नावाचे पुस्तक आहे. त्यात आपल्या सोपारा आणि कल्याण या बंदरांची नावे येतात. घाटावरचा माल जुन्नरहून नाणेघाटाने खाली उतरे, तो या बंदरांकडे. मिरी, आले हा मसाल्याचा खरा साठा दक्षिणेकडे, मलबारात. तिथून तो अरबी समुद्र ओलांडून इजिप्तला आणि पुढे रोमला जाई. शेकडो मैल उंटांवर आणि गलबतांवर गेलेला मसाला युरोपात पोहोचेपर्यंत इतका महाग होई, की तो रोजच्या खाण्यात घालणे सामान्य माणसाला जमत नसे. म्हणून तो सणासाठी राखून ठेवायचा. नाताळ आणि सुंठ यांची गाठ पडली ती मुख्यतः अशी. थंडीचे दिवस होते आणि मसाला उष्ण, हेही खरेच.

जर्मनीत न्यूरेंबर्ग नावाचे शहर आहे. व्यापाराच्या मोठ्या रस्त्यांवरचे, म्हणून मसाला हाताशी; भोवती अरण्य आणि त्यात मधमाश्या पाळणारे लोक, म्हणून मधही हाताशी. तिथल्या मसाल्याच्या केकची ख्याती एवढी वाढली, की १६४३ साली हे केक भाजणाऱ्यांचा पाववाल्यांपासून वेगळा असा स्वतंत्र संघ झाला. आजही त्या शहराचे नाव लावून तो केक दुसऱ्या गावच्या कुणाला विकता येत नाही. १९९६ पासून युरोपात त्याला कायद्याचे संरक्षण आहे. आपल्याकडे शेतमालाला भौगोलिक मानांकन मिळते ना, तोच प्रकार. जर्मन लोक या केकला मिरीचा केक असेही म्हणत. त्यात मिरी असेच असे नाही. पण तिकडे एके काळी सगळ्या मसाल्यालाच मिरी म्हणण्याची चाल होती. मलबारच्या एका दाण्याने सगळ्यांचे नाव घेतले!

पुढे मधाची जागा उसाच्या काकवीने घेतली. ही काकवी वेस्ट इंडीज बेटांवरच्या उसाच्या मळ्यांतून येई, आणि ते मळे आफ्रिकेतून पकडून आणलेल्या गुलामांच्या घामावर चालत. गोड पदार्थाच्या गोष्टीत हे कुणी सहसा सांगत नाही, म्हणून मी सांगून ठेवतो.

घर बांधण्याची हौस जर्मनीतलीच. ग्रिम बंधूंनी १८१२ साली लोककथांचा संग्रह छापला. त्यात रानात चुकलेल्या बहीणभावाची गोष्ट आहे. त्यांना पावाचे घर सापडते, त्याला केकचे छप्पर आणि साखरेच्या खिडक्या. पुढे तसली घरे भाजण्याची टूम निघाली. शिक्षकांनी ही गोष्ट मुलांना जरूर सांगावी. आपल्या चल रे भोपळ्याच्या जातीची आहे. मुले ती पुन्हा पुन्हा मागतात.

बरे, आता प्रत्यक्ष कृती. तुमच्यापैकी बहुतेकांच्या घरी विजेची भट्टी नसेल. नसली तरी अडत नाही. पण आधी सामान सांगतो. अर्धा किलो पीठ घ्या. त्यात तीनशे ग्रॅम चाळलेली कणीक आणि दोनशे ग्रॅम मैदा. नुसत्या कणकेचीही होतात, जरा रवाळ लागतात एवढेच. दोनशे ग्रॅम चिरलेला गूळ, अर्धी वाटी काकवी, दोनशे ग्रॅम तूप. सुंठीची पूड चहाचे चार चमचे, दालचिनीची दोन, आठ-दहा लवंगा कुटून, पाव जायफळ किसून, आणि अर्धा चमचा मीठ. खायचा सोडा एक चमचा, तोही सपाट. अंडे लागत नाही. हे मुद्दाम सांगतो, कारण पुष्कळ घरांत पहिली शंका तीच असते.

ओले आले का नको, असे एका बाईंनी मला विचारले होते. ओल्या आल्यात पाणी असते, हे एक. पण खरे कारण निराळे. आले वाळते तेव्हा त्यातल्या तिखट द्रव्याचे रूप पालटते आणि त्याचा जाळ वाढतो. सुंठ आल्याहून तिखट लागते ती केवळ पाणी आटल्यामुळे नव्हे. आपल्या सातारा जिल्ह्यात आल्याचे पीक मोठे आहे, पण ते बहुतेक ओलेच विकले जाते. बाजारातली चांगली सुंठ बरीचशी केरळकडची. घरी आणून कुटलेली सुंठ आणि पुड्यातली जुनी पूड यांत फार फरक पडतो. कुटून चाळा, म्हणजे दोऱ्या दाताखाली येत नाहीत.

गूळ, काकवी आणि तूप मंद आचेवर एकत्र वितळू द्या. उकळी आणू नका. खाली उतरवून कोमट होऊ द्या. पीठ, मसाले, मीठ आणि सोडा कोरडेच दोनदा चाळून एकजीव करा आणि त्यात हे कोमट मिश्रण ओता. गूळ आणि काकवी यांत थोडा आंबटपणा असतो. त्याची सोड्याशी गाठ पडली की वायू सुटतो आणि बिस्किट हलके होते. मिश्रण कढत असताना ओतले तर तो वायू परातीतच उडून जातो. लागेल तसे दूध शिंपडत घट्ट गोळा करा, पुरणपोळीच्या कणकेपेक्षा कितीतरी घट्ट. फडक्यात बांधून निदान दोन तास ठेवा. रात्रभर ठेवलात तर उत्तम. मसाला मुरतो आणि लाटताना पीठ फाटत नाही. जर्मनीत जुने कारागीर हा गोळा आठवडेच्या आठवडे मुरवीत. आपल्या हवेत तो प्रयोग नको.

दोन नाणी एकावर एक ठेवली तर जेवढी जाडी होईल, तेवढी जाड पोळी लाटा. पुठ्ठ्याचा साचा ठेवून सुरीने आकार कापा. भाजायला जाड बुडाचे पातेले घ्या, त्यात इंचभर स्वच्छ वाळू किंवा जाडे मीठ पसरा, वर तिवई ठेवा आणि झाकण घालून दहा-पंधरा मिनिटे तापवा. मग तूप लावलेल्या थाळीत बिस्किटे मांडून ती थाळी आत ठेवा. अठरा-वीस मिनिटे लागतात. कुकर वापरत असाल तर शिट्टी आणि रबरी कडे दोन्ही काढायला विसरू नका, आणि पाणी मुळीच घालू नका. विजेची भट्टी असेल तर १७५ अंशांवर बारा मिनिटे पुरे.

आणि गावात पावभट्टी असेल तर सोन्याहून पिवळे. दिवाळीच्या आधी रवा, मैदा, तूप, साखर डब्यात भरून नानकटाई भाजायला बेकरीत नेण्याची आपल्याकडे चाल होतीच. पुष्कळ गावांत अजून आहे. भट्टीवाल्याला सांगा, पाव निघाल्यानंतरच्या उतरत्या आचेवर ही बिस्किटे घाल. पहिल्या आचेवर गूळ करपतो.

एक चूक सगळ्यांच्या हातून होते. बिस्किटे गरम असताना मऊच लागतात. ती कच्ची आहेत असे वाटून माणूस आणखी पाच मिनिटे ठेवतो, आणि मग ती कौलासारखी कडक होतात. कडा काळपट झाल्या की काढा. निवताना ती आपोआप कडक होतात.

सजावटीसाठी पिठीसाखर कपड्यातून गाळून घ्या. तीत लिंबाचे थेंब आणि चमचा-चमचा दूध घालून इडलीच्या पिठाइतके दाट करा. परदेशात यात अंड्याचा कच्चा पांढरा बलक घालतात. लहान मुलांसाठी करायचे तर तो टाळलेला बरा. मेंदीचा कोन करतो तसा कागदाचा कोरा कोन करा. आपल्या मुलींचा हात रांगोळीवर आणि मेंदीवर बसलेला असतो. त्यांना हे शिकवावे लागत नाही. उलट त्याच आपल्याला शिकवतात. रंगासाठी बाजारी गोळ्या कशाला? नाताळच्या सुमारास संक्रांतीचा हलवा दुकानात यायला लागतो. त्या काटेरी दाण्यांचे डोळे आणि गुंड्या इतक्या सुरेख दिसतात की विचारू नका.

गेल्या डिसेंबरात गावातल्या शाळेच्या बालआनंद मेळाव्यासाठी मी मुलांबरोबर हा खटाटोप केला. पहिला घाणा साफ फसला. सोडा मीच अंदाजाने घातला होता, चमचा मोजला नव्हता. माणसे पसरून एकमेकांना चिकटली. एक मुलगा म्हणाला, "सर, हे तर बेडूक झाले." मग बेडूक म्हणूनच रंगवले आणि ते आधी संपले. घराचे म्हणाल तर भिंती साखरेच्या पाकाने जोडायच्या असतात. पाक तांबूस होईपर्यंत कढवावा लागतो आणि तो अंगावर उडाला तर फार भाजतो. ते काम मोठ्या माणसानेच करावे. आम्ही घर मुळशीकडचे बांधले, उतरत्या छपराचे. कौलांच्या जागी भाजलेल्या शेंगदाण्यांच्या पाकळ्या लावल्या. पुढे ओटा काढला आणि ओट्यावर एक म्हैस. येशूच्या जन्माचा गोठा म्हटल्यावर मुलांना दुसरे जनावर सुचेना. दुपारपर्यंत ते घर उभे होते. मग दमट हवेने छप्पर खचले, कारण गूळ हवेतले पाणी ओढतो. बिस्किटे ठेवायची ती घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात. तशी ती तीन आठवडे सहज टिकतात, आणि आठवड्यानंतर चव वाढलेलीच असते.

मेळाव्याच्या आधी एक पालक मला भेटायला आले होते. नाताळचे खाणे शाळेत कशाला, असे त्यांचे म्हणणे. विचारणे गैर नव्हते. त्यांनी ते नीट विचारले. मी त्यांना सामानाची यादी वाचून दाखवली. गूळ, तूप, सुंठ, लवंग ऐकून ते म्हणाले, "हे तर आमच्या दुकानातलंच सामान." त्यांचे किराण्याचे दुकान आहे. मेळाव्याला ते आले की नाही, ते मी पाहिले नाही. त्यांची मुलगी मात्र कोन धरून शेवटपर्यंत बसली होती.

आजीची गोष्ट अर्धी राहिली. १९८८ च्या त्या नाताळला आजीने नर्सबाईंची ताटली पहिल्यांदा भरून परत केली. तिच्यात सुंठवडा होता. पुढच्या वर्षी ताटली आली तेव्हा म्हशीच्या वाट्याला काही गेले नाही. फराळ आम्हां पोरांत वाटला गेला. आजीने स्वतः एक शंकरपाळी तोंडात टाकली. बाहुली तिने खाल्ली नाही. "दात कुठायत मला," म्हणाली. दात होते तिला. खोटे कशाला सांगू?

ती ताटली संक्रांतीला तिळगूळ घालून परत करायची, असे तिने ठरवले होते. पण जानेवारी लागताच नर्सबाईंची बदली झाली आणि आम्ही सगळे एका लग्नाला गेलो असताना त्या गाव सोडून गेल्या. कुठल्या तालुक्याला गेल्या तेही नीट कळले नाही. आजी पुढे पुष्कळ वर्षे जगली. कुणी नगरकडून आले की ती विचारी, तिकडे अमुक नावाच्या नर्सबाई आहेत का हो, त्यांचं भांडं राहिलंय माझ्याकडं.

ताटली अजून आमच्या घरी आहे. जुन्या रीतीप्रमाणे तिच्या मागे नाव कोरलेले आहे. पहिला घाणा निघाला की मी तो तिच्यात काढतो आणि शेजारी पाठवतो. गेल्या वर्षी ती परत आली, तेव्हा तिच्यात मूठभर आंबेमोहोर तांदूळ होता.